मुलाला कॅन्सर झाला की आईच्या अंगावर पडणारं काम : ते वाटून कसं घ्यायचं?

कण्हेर

नात्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, निदान झालं. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, ए.एल.एल. उपचार नीट पार पडले तर बरी होण्याची शक्यता चांगली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. केमो सुरू झाली आहे. आता सगळं गणगोत तिच्या आईला फोन करतंय आणि प्रत्येक जण तेच सांगतोय : धीर धर, तूच खचलीस तर पोरीनं कुणाकडे बघायचं?

माझ्या बहिणीच्या मुलाचे उपचार परळला झाले, तेव्हा मी बराच काळ तिच्यासोबत राहिले. हल्ली आठवड्यातून एकदा मुलांच्या वॉर्डात गोष्टी वाचून दाखवायला जाते. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते, या आयांना धीर कमी पडत नाही. त्यांना झोप कमी पडते, मदतीला माणूस कमी पडतं, आणि समोर बसून शांतपणे समजावून सांगणारं कुणी नसतं.

आई नेमकं काय करते हे घरच्यांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. ए.एल.एल.चे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिला टप्पा इंडक्शनचा, महिना-सव्वा महिन्याचा. मग आणखी काही जोरकस टप्पे, आणि शेवटी मेंटेनन्स. हा सगळ्यात लांब आणि बहुतेक सगळा घरीच चालणारा. म्हणजे वॉर्डात नर्स जे करते ते घरी आई करते. केमोच्या दोन गोळ्या असतात : ६-एमपी रोज ठरलेल्या वेळी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. जंतुसंसर्ग टाळण्यासाठीचं सेप्ट्रान ठरलेल्या वारी. डोस रक्ताच्या काउंटप्रमाणे, म्हणजे पेशींच्या संख्येप्रमाणे, बदलतो, त्यामुळे कधी अर्धी गोळी, कधी पाऊण, कधी पाच दिवस एक आणि शनिवार-रविवार दीड. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत. सातवी-आठवी शिकलेल्या बाया हे सगळं तोंडपाठ करून बिनचूक पार पाडताना मी बघितल्या आहेत. अमेरिकेतल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की ६-एमपीच्या वीस डोसांमागे एकाहून जास्त चुकत गेले तर आजार उलटण्याचा धोका चांगलाच वाढतो. म्हणजे पोराचं बरं होणं काही अंशी त्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर आणि भिंतीवरच्या घड्याळावर अवलंबून असतं. हे काम सांभाळणारी बाई उपचार करणाऱ्यांपैकीच एक असते. तिला तसं कुणी म्हणत नाही, आणि तसं वागवतही नाही.

दुसरं, तिची नजर. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या इंजेक्शनमुळे पायांच्या नसा कमजोर होतात, मूल पाऊल फरपटायला लागतं. जबडा दुखतो, शौचाला कडक होतं. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात, त्यात मूल जिना कसं चढतं ते दिसत नाही. माझ्या बहिणीला ते दिसलं. ‘पायरीला अंगठा अडकतोय’ एवढं तिनं सांगितलं आणि लगेच फिजिओथेरपी सुरू झाली.

आणि रात्री. सलाइन चालू असलं की मुलाला तासातासाला लघवीला होते, ती मोजून लिहायची असते. पंप वाजतो. शेजारच्या पलंगावरचं मूल उठतं. आई खुर्चीवर किंवा खाली चटईवर. दिवसा तीच बाई रक्त तपासायला देते, रिपोर्ट आणते, औषधाच्या रांगेत उभी राहते, आणि गावाकडे राहिलेल्या धाकट्याशी फोनवर बोलते. असं किती महिने चालेल?

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. आईचं कोणतं काम दुसरं कुणी घेऊ शकतं, कोणतं नाही? मला ही यादी त्या मुलीच्या घरच्यांपुढे ठेवायची आहे.

वेण्णाकाठ

माझा मुलगा आता मेंटेनन्सवर आहे. कण्हेर, तुमचं झोपेबद्दलचं वाक्य वाचून बरं वाटलं.

इंडक्शनमधल्या स्टिरॉइडबद्दल लिहिते, कारण त्याची कल्पना आम्हाला कुणी दिली नव्हती. मूल रात्री दोनला उठून वरणभात मागतं. तो खाऊन झाला की बटाट्याची भाजी, मग पोहे. चेहरा सुजतो, पोट सुटतं, आणि शांत पोरगं ताट भिरकावतं, चावतं, ‘तू मला आवडत नाहीस’ म्हणतं. हे औषध बोलतंय, हे आईला कुणीतरी आधीच सांगायला हवं. आणि मणक्यातून इंजेक्शन असेल त्या सकाळी त्याच भुकेल्या मुलाला उपाशी ठेवायचं असतं. आमच्या वॉर्डातल्या बायका त्या वेळी आपापसांत ठरवून कुणीही मुलांसमोर डबा उघडत नसत.

खाण्याचं. काउंट कमी असताना ताजं, नीट शिजवलेलं, शक्यतो कुकरमधलं. उकळलेलं पाणी. कच्ची कोथिंबीर वरून घालायची नाही, कोशिंबीर नाही, बाहेरचं काही नाही. फळ सालीचं आणि स्वतः सोललेलं, केळं किंवा मोसंबी. प्रत्येक हॉस्पिटलच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे तिथल्या आहारतज्ज्ञांनी दिलेलाच कागद खरा मानायचा. सांगायचं म्हणजे, दिवसातून चारदा ताजं रांधणं हे काम दुसरं माणूस करू शकतं. आमच्याकडे सासूबाईंनी ते पूर्ण उचललं. नातेवाइकांनी आणलेले लाडू-चिवडे त्या स्वतः बाजूला ठेवत, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे आला नाही. याचा मला किती आधार झाला ते सांगता येणार नाही.

एक वही करा. तारीख, काउंट, औषध, ताप, शी, काही वेगळं दिसलं तर. वही आईचीच असली पाहिजे असं नाही, पण ती घरातल्या प्रत्येकाला वाचता आली पाहिजे.

स्टेथोस्कोप

बालरुग्ण विभागात काम करतो, म्हणून चार गोष्टी ठासून सांगतो.

ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर थेट हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो, आणि पहिलं अँटिबायोटिक लवकर मिळणं यावर जीव अवलंबून असतो. आई घाबरट आहे, उगाच धावपळ करते, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे वाचून दाखवा. अशा वेळी तिनं रात्री दोनला रिक्षा बोलावली तर ती शंभर टक्के बरोबर आहे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. घरात औषध देणारी माणसं दोन असतील तर कुणी दिलं त्याची खूण वहीत लगेच करा.

कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी कळवा, पुरळ उठायची वाट बघू नका. आणि उपचार चालू असताना कुणी सांगितलेली पुडी, काढा, भस्म काहीही डॉक्टरांना न विचारता नको. यकृतावर आधीच ताण असतो.

आईपुरती एक गोष्ट : ती गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर केमोच्या गोळ्या तिनं हाताळू नयेत. इतरांनीही गोळी मोडताना हातमोजे घालावेत. केमोनंतर साधारण दोन दिवस मुलाची लघवी, उलटी, लंगोट हे हातमोजे घालूनच आवरावं.

मोरपंखी

वरचं सगळं पटलं, पण ‘वाटून घ्या’ हे मला तितकं सोपं वाटत नाही. माझ्या मुलीला सुई टोचताना माझ्याशिवाय कुणी चालायचं नाही. वडिलांना बघून ती आणखी रडायची. आजारी लेकराला आईच हवी असते, हे निसर्गाचं आहे. मी नोकरी सोडली आणि त्याचं मला दुःख नाही. आईला ‘थोडी बाजूला हो, आराम कर’ म्हटलं की तिला उलट अपराधी वाटतं. तिला तिथे राहू द्या.

कण्हेर

मोरपंखी, तुम्ही जे केलंत त्याबद्दल मनापासून आदर आहे. सुई टोचताना आईनं जवळ असावं, मुलाला मांडीवर घ्यावं, हे मलाही पटतं. पण त्या दहा मिनिटांसाठी तिच्या अंगात त्राण उरायला हवं असेल तर रक्त नेऊन देणं, रांग, डबा, फॉर्म ही कामं दुसऱ्यांनी केलीच पाहिजेत. आणि मुलाला दुसऱ्या माणसाची सवय सुरुवातीलाच लावली नाही तर पुढे लागत नाही. बहिणीला मध्येच डेंग्यू झाला. तेव्हा मुलाजवळ मी जाऊ शकले, कारण पहिल्या महिन्यापासून शनिवारची रात्र माझी होती. आई कधी आजारी पडणारच नाही असं धरून दोन-अडीच वर्षांचं नियोजन होत नाही.

गोदाकाठ

बाप म्हणून लिहितो. वॉर्डात रात्री एकाच माणसाला थांबता येतं, आणि बहुतेक ठिकाणी ती आईच असते. माझी नोकरी नाशिकला, पगार चालू राहणं गरजेचं होतं. पण शुक्रवारी रात्री मी मुंबईला यायचो आणि शनिवार-रविवार वॉर्ड माझा. पहिल्या वेळी मुलगी तासभर रडली. बायकोनं जाण्याआधी मला सगळं करून दाखवलं, आणि महत्त्वाचं म्हणजे नर्सबाईंनी माझ्याकडून करून घेतलं : हात कसे धुवायचे, गुळण्या कशा करून द्यायच्या, मऊ ब्रश कसा फिरवायचा, लाइनच्या (शिरेत बसवलेल्या नळीच्या) पट्टीला पाणी लागू न देता अंग कसं पुसायचं. पुरुषाला हे शिकवायला कुणी आपणहून बोलावत नाही. आपण जाऊन उभं राहायचं आणि मला शिकवा म्हणायचं.

सुन्न करणारं एक मलमही मिळतं. सुई टोचण्याच्या तासभर आधी तिथे लावून ठेवायचं. डॉक्टरांना विचारून घ्या. ते लावण्याची जबाबदारी माझी होती, त्यामुळे ‘बाबा आले की दुखत नाही’ असं मुलगी म्हणायला लागली.

अजून एक. आमच्याकडे वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी बायकोला विचारलं, पोटात असताना काय खाल्लं होतंस? मी तिथेच सांगितलं की लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर आईबापांनी केलेल्या कशामुळेही होत नाहीत. अनुवंशिक कारण थोड्याच मुलांत सापडतं, आणि असलं तरी तो कुणाचा दोष नसतो. हे बोलायचं काम नवऱ्याचं आहे. तिला एकटीला उत्तर द्यायला लावू नका.

झेडपी_शाळा

नोकरी सोडण्याआधी एवढं बघा. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीत ती ७३० दिवस आहे. मी तुकड्या करून घेतली, जोरकस टप्प्यांत सलग आणि मेंटेनन्सला लागेल तशी. खासगी नोकरीत असं काही नसतं आणि घरकाम, शेतमजुरी करणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. तिची रोजची मजुरी बुडते ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

परळकर

कण्हेर यांनी परळचा उल्लेख केला म्हणून राहण्याचं लिहितो. टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून तिथे आहे आणि देशभरातून मुलं येतात. आसपास पथारीवर राहणारी कुटुंबं आजही दिसतात. आधी हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, हे सगळ्यात महत्त्वाचं. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून विनामूल्य राहण्याची सोय करतात. स्वयंपाकाची जागा, मुलांसाठी शिकणं-खेळणं, आईवडिलांचं समुपदेशन सगळं तिथे आहे, पण शिफारस हॉस्पिटलकडूनच लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही जुनी, भरवशाची ठिकाणं.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटलमध्ये योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबई लोकलच्या दिव्यांग डब्यातूनही कॅन्सर रुग्णाला जाता येतं. काउंट कमी असलेल्या मुलाला गर्दीतून नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

ही सगळी कागदपत्रं काका, मामा, शेजारी कुणीही करू शकतं. आईनं मुलाला कडेवर घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायची काहीच गरज नाही.

निळा_स्वेटर

मी सात वर्षांचा असताना माझे उपचार झाले, आता नोकरी करतो. मुलाच्या बाजूनं लिहितो.

आई मला कधी खोटं बोलली नाही. सुई असेल तर ‘आज सुई आहे, दुखेल, दहा मोजेपर्यंत दुखेल’ असं सांगायची. बाजूच्या मुलाला ‘फिरायला जाऊ’ म्हणून आणायचे, तो रिक्षा बघितली तरी रडायचा. केस जाण्याआधी तिनं मला सांगितलं आणि टोपी माझ्या आवडीची घेतली. आजाराचं नाव माझ्यासमोर घेतलं जायचं. त्यामुळे मला काही लपवतायत अशी भीती नव्हती.

पण एक गोष्ट मला मोठेपणी कळली. माझी मोठी बहीण त्या काळात आजीकडे होती, आणि तिला वाटायचं की तिनंच मला खेळताना पाडलं म्हणून मी आजारी पडलो. ते तिला कुणी विचारलंच नाही. आई माझ्याजवळ होती, तिला दोन ठिकाणी असणं शक्य नव्हतं. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं रोज संध्याकाळी भावंडाजवळ बसणं, शाळेत जाणं, त्याला खरं सांगणं हे काम यादीत सगळ्यात वर लिहा.

आणि उपचार संपले की फाइल टाकू नका. कोणती औषधं किती मिळाली याचा सारांश मागून घ्या. काही औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनंतरही दिसू शकतो, म्हणून मी अजून ठरावीक काळानं इको (हृदयाची सोनोग्राफी) करतो. ती फाइल आईनं माझ्या अठराव्या वाढदिवसानंतर माझ्याकडे सोपवली.

शेवंती

माझी मुलगी वाचली नाही. इथे लिहावं की नाही असा विचार करत होते, पण यादीत माझंही काम हवं.

आजार दुसऱ्यांदा उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता बरं करणारा उपचार उरलेला नाही, पण दुखू न देण्याचा उपचार आहे. त्यासाठीच्या पॅलिएटिव्ह टीमनं मला मॉर्फिन कसं द्यायचं, दम लागला तर कसं बसवायचं, कधी फोन करायचा हे नीट शिकवलं. आम्ही तिला घरी आणलं. तिला मांजराजवळ झोपायचं होतं, ते झालं. त्या काळात मी नर्सही होते आणि आईही. शेवटी शेवटी मला फक्त आई व्हायचं होतं, तेव्हा माझ्या जावेनं औषधांची वही माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, वहिनी, तुम्ही तिच्याजवळ बसा. तसं बसायला मिळालं याचं मोल मला आयुष्यभर आहे.

नंतर लोकांनी येणं बंद केलं. वॉर्डातल्या बायका मात्र अजून फोन करतात. तिचं नाव घेऊन बोलतात.

मोरपंखी

शेवंती, तुमच्या मुलीबद्दल आणखी लिहावंसं वाटेल तेव्हा इथे जरूर लिहा, आम्ही वाचू.

कण्हेर, शनिवारच्या रात्रीचं तुमचं म्हणणं आता जास्त कळलं. सुईच्या वेळी आईच असावी हे माझं मत तसंच आहे. पण वहीचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं तर मला तिच्याजवळ जास्त बसता आलं असतं, हे खरं.

स्टेथोस्कोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषधं बरीचशी तीच आहेत. उशिरा निदान आणि उपचार अर्धवट सुटणं ही त्यातली मोठी कारणं. उपचार सुटतात ते आईबापांना मूल नकोसं झालं म्हणून नव्हे. भाडं संपतं, पेरणी येते, घरी दुसरं मूल आजारी पडतं आणि आई एकटी पडते. त्यामुळे या धाग्यातली कामाची वाटणी मी उपचारांचाच भाग समजतो. आमच्याकडे समाजसेवक आता पहिल्याच आठवड्यात विचारतात, आईच्या जागी थांबू शकेल असं दुसरं माणूस कोण?

कण्हेर

सगळ्यांचे आभार. काल त्यांच्याकडे जाऊन बसले. आजोबांनी भावंडाची शाळा आणि संध्याकाळ घेतली. काकानं कागदपत्रं आणि रेल्वेचा दाखला. आत्यानं रविवारची रात्र, पण त्याआधी दोन दिवस ती वॉर्डात नर्सबाईंकडून शिकून घेणार आहे. वडील मलम, गुळण्या आणि ‘काय खाल्लं होतंस’ विचारणाऱ्यांना उत्तर. मुलीची आई सगळं ऐकत होती. मग तिनं एकच मागितलं, रोज दुपारी अर्धा तास कुणीतरी बसावं, तिला नीट अंघोळ करून केस धुवायचे असतात. तो अर्धा तास आजीनं घेतला.

तिचा एक प्रश्न आहे, स्टेथोस्कोप. पुढे मेंटेनन्समध्ये रात्रीची ६-एमपी द्यायची राहून गेली, किंवा गोळी देताच उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का?

स्टेथोस्कोप

नाही, डोस दुप्पट कधीच करायचा नाही. राहिला तर वहीत लिहा, पुढचा डोस ठरल्या वेळी ठरल्याएवढाच. उलटी झाली तर गोळी किती वेळापूर्वी दिली होती ते सांगून वॉर्डला किंवा डे केअरला फोन करा, पुन्हा द्यायची की नाही ते तिथून सांगतील. तो नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आत्याच्याही.